कोऱ्या रकान्यातला वैमानिक

स्नेहलता जोशी क्योतोला आली ती नवऱ्याच्या पोस्टडॉकपायी. पुण्यात हौसेनं शिकलेलं रशियन इथे कामी येईल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण विद्यापीठात मोरिता सेन्सेईंकडे, म्हणजे प्राध्यापकांकडे, तिला बाइतो मिळाला, म्हणजे अर्धवेळ काम. पहिल्या महायुद्धातल्या रशियन लष्करी वैमानिकांच्या सेवापत्रकांच्या झेरॉक्स वाचायच्या आणि तक्ता भरायचा: नाव, गाव, मातृभाषा, धर्म. मार्चअखेर तक्ता पसंत पडला तर वर्षभर मुदतवाढ. या देशात पहिल्यांदाच कुणी तिला अमक्याची बायको न म्हणता 'जोशी-सान' म्हणत होतं. ते तिला सोडवेना.

मी तिची शेजारीण, गीता. मला विचारल्याशिवाय आमच्या इमारतीत कचऱ्याची पिशवीसुद्धा खाली जात नाही. तक्ता बघून मी थक्क झाले. रशियन म्हणजे सगळे एका साच्यातले, अशी माझी समजूत. इथे तर ऑर्थोडॉक्स, कॅथलिक पोलिश, लुथरन जर्मन, जॉर्जियन, आर्मेनियन! प्रार्थना निरनिराळ्या, विमान मात्र सगळ्यांचं सारखंच बंद पडणारं.

शेवटच्या दिवशी सहा जणांचा धर्म वाचता येईना. शाई पुसट झाली होती.

"अज्ञात लिहू का?" तिनं विचारलं.

"अगं, आडनाव वाच की! आपण तर आडनावावरून माणसाचं गाव, कुळ, आमटीत गूळ किती, सगळं सांगतो."

ती जरा घुटमळली. मग मी सांगत गेले, ती लिहीत गेली. एक पोलिश वळणाचं आडनाव आलं. "कॅथलिक. लिही," मी म्हटलं.

आठवड्यानं सेन्सेईंनी तिला बोलावलं. दुसऱ्या एका कागदात सापडलं होतं की त्या कॅथलिकानं लष्करी शपथ मुल्लासमोर घेतली होती. लिथुआनियाकडचा तातार, आडनाव पोलिश, धर्म इस्लाम. "हे कशावरून लिहिलंत?" सेन्सेईंनी अगदी हळू आवाजात विचारलं. इथे ते ओरडण्यापेक्षा वाईट.

बोलावणं आल्याचं कळल्यापासून माझा जीव टांगणीला. संध्याकाळी ती आली ती हसतच. मुदतवाढ मिळाली होती.

"माझं नाव सांगितलंस?"

"छे, माझंच सांगितलं. म्हटलं, ही चूक मी तरी करायला नको होती. आडनाव जोशी, आमच्याकडे सगळे ब्राह्मणच समजतात, आणि मी नगरची ख्रिश्चन. सेन्सेई इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, सहाही जणांना नीट शोधा, वर्ष घ्या."

माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दोन वर्षं दर संकष्टीला मी हिला चंद्रोदयाची वेळ विचारत होते आणि ही बिचारी शोधून सांगत होती.

"अगं, मला सांगायचंस तरी!" मला खरंच लाज वाटली.

"तुम्ही विचारलंत कुठे, ताई?" ती म्हणाली. "तुम्ही लिहूनच टाकलं होतंत."