चुकलेल्यांचं घर

“दुकान घे म्हणतोय, देश सोड म्हणत नाहीये!”

“तीन बाजूंनी काच आणि चौथ्या बाजूला गिऱ्हाईक. त्याला दुकान नाही म्हणत, नाहुएल. माशांची पेटी म्हणतात.”

“नव्या स्टेशनात तुझ्या खिम्याच्या करंज्या हातोहात खपतील. मुकादमाला आज जेवणाच्या सुट्टीनंतर उत्तर द्यायचंय. नाहीतर ती जागा त्याच्या मेहुणीला जाणार.”

“जाऊ दे. बारीक आहे ती. मावेल.”

कासिल्दा मसुराचं कालवण ढवळत होती. लेक दारातच उभा, काखेत हेल्मेट, बुटांना सिमेंट. हे असं महिनाभर चाललं होतं आणि आम्हा शेजाऱ्यांना भिंतीपलीकडून पाठ झालं होतं. दोघंही दमले होते. भांडण तेवढं ताजंतवानं.

आमच्या सांता रितात बस थांबते गावाच्या एका टोकाला आणि रेल्वे दुसऱ्या. डोंगरातून येणारी बस नेहमी उशिरा. राजधानीची गाडी आठवड्यातून दोनदाच, पण सुटते मात्र हट्टाने वेळेवर. या दोहोंच्या मधे, सामान घेऊन धावणाऱ्याला धाप लागते बरोबर तिथे, कासिल्दाचं घर. गाडी गेली की लोक मान खाली घालून परत फिरायचे आणि पैसे देऊन जेवण-अंथरूण मिळेल म्हणून तिच्या दारात उभे राहायचे. गावात त्यांना ‘चुकलेले’च म्हणतात. “आज किती चुकलेले गं?” असं आम्ही कुंपणावरून विचारायचो.

ती स्वतःही चुकलेलीच. ऐन विशीत राजधानीत कुणाकडे पोरं सांभाळायला निघाली होती. गाडी गेली. या घरच्या म्हाताऱ्या मालकिणीने, पुढची गाडी येईपर्यंत म्हणून, बटाटे सोलायला बसवलं. पुढची गाडी आली, गेली. तिच्यापुढचीही गेली. मालकीण गेली तेव्हा किल्ल्या कासिल्दाच्याच कमरेला होत्या. कुणी विचारलंही नाही.

नवरा स्टेशनावरचा हमाल, बाउदिल्यो. दोन खांद्यांवर दोन पेट्या घेऊन, कुंपणाच्या भोकातून, रुळांवरून पळत तो लोकांना गाडी गाठून द्यायचा.

“मी इथे चूल पेटवते आणि हा माझी गिऱ्हाइकं डब्यात कोंबतो!”

“मग दुसऱ्या कुणाशी लग्न करायचं होतंस.”

“बाकीचे सगळे बसून होते. तू एकटाच पळताना दिसलास.”

आधी त्याचे गुडघे गेले, मग तो गेला.

आणि आता हे नवं स्थानक. बस आणि रेल्वे एका छताखाली. मरगळलेल्या गावात पुन्हा जीव येणार, असा नगरपालिकेचा भला मोठा फलक चौकात लागलाय. त्यावरच्या चित्रात सगळे हसतायत आणि एकाच्याही हातात बोचकं नाही. ज्यांची घरं पाडली त्यांच्या पदरात थोडंफार तरी पडलं. कासिल्दाच्या घराला कुणी बोटही लावलं नाही. “पाडतसुद्धा नाहीत मेले,” ती म्हणाली होती. “नुसते वळसा घालून जाणार.”

“आई, मागच्या खोलीत ती बाई आहे ना, तापलेलं पोर घेऊन आलेली?”

“हळू बोल. आत्ताच झोपलंय.”

“राजधानीच्या इस्पितळात नंबर होता तिचा. बस उशिरा आली, पोराला कडेवर घेऊन धावली बिचारी आणि गाडीचं शेपूट बघत बसली. नवं स्टेशन असतं तर चार पायऱ्या उतरली असती, की डब्यात. तुझी चूल लोकांच्या फजितीवर पेटते, आई.”

पळी थांबली.

“म्हणजे, तसं नाही म्हणायचं मला...”

“तसंच म्हणायचंय. आणि खरं आहे ते.” कासिल्दा स्टुलावर टेकली. “तुझा बाप हेच म्हणायचा, फक्त हसून. पाय सुजतात रे हल्ली. लोकांच्या चादरी पिळायचा तर वीट आलाय.”

“तिथे नळाला गरम पाणी आहे.”

“गरम?”

“मी स्वतः पाइप टाकलाय. तुझ्यासाठी.”

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, “एक सांग. गाड्या तरीही चुकणारच. डोंगरात दरड कोसळली की बस अडकणार. छत एक झालं म्हणून डोंगर थोडाच ऐकतो? मग अशी एखादी बाई पोर घेऊन तुमच्या चकाचक स्टेशनात अडकली, तर तिला तिथे आडवं होता येईल का? बाकावर म्हण, कुठेही म्हण. हो म्हणालास तर आत्ता दाराला कडी घालते आणि येते तुझ्याबरोबर.”

गेला आठवडाभर नाहुएल बाकच बसवत होता. प्रत्येक दोन जागांच्या मधे एक पोलादी दांडी, कुणी आडवं होऊ नये म्हणून. मुकादमाने तसं बजावलंच होतं. एकूण एक दांडी नाहुएलने स्वतःच्या हाताने आवळली होती आणि नंतर हलवून पाहिली होती.

“बोल ना. सोपं तर विचारलंय.”

कामावरचा भोंगा वाजला. नाहुएलने हेल्मेट डोक्यावर चढवलं, हनुवटीखाली पट्टा अडकवला आणि तो रस्त्याला लागला.