बाराचे पाऊणपट नऊ

शारजाला पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. ट्रकच्या मागे आमची सहा जणांची टीम, सहा सायकली, पाण्याचे डबे, सगळं एकमेकांत अडकलेलं. ट्रक थांबायच्या आत मी खाली उडी मारली. सायकल काढायला गेलो तर माझीच सगळ्यांत खाली!

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" वरून कुणीतरी ओरडलं आणि सगळे खिदळले. हसा लेको, म्हटलं. तुमचा बाप नाही तिकडे वाट बघत बसलेला.

माझे अब्बा रास अल खैम्यात एका व्यापाऱ्याच्या घरी स्वयंपाकी होते. मी दुबईत एका कॉन्ट्रॅक्टरकडे टायपिस्ट. सहा वर्षांत त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. मी आखातात येऊनही भेट नाही, कारण साठच्या दशकात तिथे धड रस्ता कुठे होता, आणि सुट्टी तरी कोण देत होतं? अशात आमच्या इंग्रज साहेबाला सायकल शर्यतीची हुक्की आली. शारजापासून किनाऱ्याकिनाऱ्याने रास अल खैम्यापर्यंत, तीन दिवस, चार टीम, शिवाय पगारी रजा. पहिलं नाव मी दिलं. मग अब्बांचा निरोप आला की त्याच तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं गलबत मुंबईला सुटणार. गावी रत्नागिरीकडे माझ्या बहिणीचा निकाह होता. सकाळी पोचलो तर भेट, नाही तर पुन्हा कधी, ते अल्लालाच ठाऊक.

शारजाच्या रोल्ला मैदानातल्या वडाखाली बाकीच्या टीम हवा भरत होत्या. "यल्ला, यल्ला!" करत एकेक निघालीसुद्धा. मी पेडलवर पाय ठेवला, तोच आमचे कॅप्टन म्हणाले, "थांब. बस खाली."

कॅप्टन म्हणजे आमच्याच गावचे चाचा. अर्धं आयुष्य तांडेल म्हणून गलबत हाकण्यात काढलेलं, त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "आज चांद बारावा. बाराचे पाऊणपट नऊ. नऊला भरती पूर्ण. मग ओहोटी लागेल, दुपारी किनाऱ्यावरची ओली पुळण दगडासारखी घट्ट होईल, तेव्हा सायकली पळवू. आत्ता जाणारे भरतीत सापडतील. चहा सांगा."

हा हिशेब आमच्याकडे शेंबडं पोरही करतं. चांदाची तारीख, तिची पाऊणपट, ती भरतीची वेळ. कधी चुकत नाही.

"चाचा, निदान किनाऱ्यावर जाऊन बघून तर येऊ," मी म्हणालो.

"समुद्र मला दाखवतोस? तुझ्या बापाला मी पोहायला शिकवलंय."

झालं, खलास. मी चहा प्यालो, पुन्हा प्यालो, सायकलची चेन तीनदा तपासली, वडाला फेऱ्या मारल्या. बुडाला काटे टोचत होते. एकटा सुटावं तर वाट माहीत नाही, पाणी सगळ्यांचं एकत्र. चाचा मात्र टोपी डोळ्यांवर ओढून मजेत घोरत होते.

दुपारी किनाऱ्यावर आलो आणि बघतो तर काय, पाणी वर चढतंय! घट्ट वाळू सगळी पाण्याखाली. सकाळी इथे सुरेख ओहोटी होती, असं जाळं विणत बसलेल्या एका अरबाने सांगितलं. चाचांनी त्याला पुन्हा विचारलं. मग ते पाण्याच्या कडेपर्यंत गेले.

"हा कसला समुद्र," ते हळूच म्हणाले. रत्नागिरीचा हिशेब रत्नागिरीलाच खरा, हे इतकी वर्षं गलबत हाकलेल्या माणसाच्या मनातही आलं नव्हतं. मला त्यांची दया यायला हवी होती. मला नुसता संताप आला होता.

मग काय, भुसभुशीत वाळूतून सायकली ढकलत नेल्या. चेनमध्ये वाळू, खारं पाणी. पहिल्या दिवशी जे मागे पडलो ते मागेच राहिलो. तिसऱ्या दिवशी चाचांनी माझ्या सायकलवरचं ओझं काढून आपल्या सायकलवर बांधलं आणि म्हणाले, "जा. तू पुढे जा." मी जीव खाऊन पेडल मारले.

रास अल खैम्याच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा दुपार उलटून असरची अजान होत होती. गलबत नव्हतं. सायकल तिथेच टाकली आणि मट्कन खाली बसलो.

"चाक वाकवशील," मागून आवाज आला.

अब्बा! पत्र्याच्या पेटीवर बसलेले. दाढी पांढरी झालेली. मी धावत जाऊन त्यांना मिठी मारली, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"तुम्ही गेला नाहीत?" मी ओरडलोच. "अब्बा, निकाह आहे तिचा! आता दुसरं गलबत कधी मिळणार? बापाशिवाय उभी राहील ती! कशाला थांबलात?"

त्यांनी उपरण्याने माझ्या तोंडावरची वाळू पुसली.

"तिच्याजवळ आई आहे, मामा आहेत, सगळा गाव आहे," ते म्हणाले. "तुझं इथे कोण आहे?"