उजव्या अंगावरची खूण

माझ्या थोरल्या भावाला जगाचा शेवट दिसायला लागून आता बरीच वर्षं झाली. जग काही संपलं नाही. त्याबद्दल त्याला कधी ओशाळं वाटल्याचंही मी पाहिलेलं नाही.

आम्ही मराठी ख्रिस्ती. आजोबा नगरकडून गिरणीत आले आणि भोईवाड्यातल्या चाळीत त्यांना खोली मिळाली. बाबाही गिरणीतच होते, साचा खात्यात, मागावर. ते गेल्यावर खोलीत आई आणि दादा एवढेच राहिले. मी लग्न करून वडाळ्याला आले. दादाने लग्न केलं नाही. शेवट तोंडावर आलेला असताना संसार कशाला मांडायचा, असं तो म्हणायचा. जेवण मात्र त्याला तिन्ही त्रिकाळ गरम लागायचं, आणि ते आईने करायचं.

रे रोडला एका लाकडाच्या वखारीत तो कारकून आहे. तिथल्याच कुणीतरी त्याला एका प्रार्थनेच्या गटात नेलं. आमच्या जुन्या चर्चमध्ये शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, शेवटचं पुस्तक क्वचितच काढलं जायचं. ह्या गटात दुसरं काही काढतच नसत. सात डोक्यांचं श्वापद, दहा शिंगं, अजगर, कर्णे, फुटणारे शिक्के, कपाळावर किंवा उजव्या हातावर श्वापदाची खूण, जी नसेल त्याला काही विकत घेता येणार नाही आणि जी घेईल त्याला स्वर्ग बंद. प्रत्येक चित्राला एक बातमी चिकटवायची, हे त्यांचं काम. दहा शिंगं म्हणजे दहा देश, असं दादाने मला एकदा बोटांवर मोजत सांगितलं. पुढे त्यातला एक देश बाजूला झाला, तेव्हा एक शिंग म्हणे आधीपासूनच मोडकं होतं. श्वापदाची खूण म्हणजे आधी दुकानातल्या मालावरच्या काळ्या रेघा होत्या. मग आधारचा अंगठा झाला, मग लसीची सुई. एकदा तो कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडे फोनने चौकोन स्कॅन करून पैसे देत होता. मी विचारलं, "हे चालतं का रे तुमच्यात?"

"ते सोयीसाठी आहे," तो म्हणाला. "मनाने मी स्वीकारलेलं नाही."

त्याच दिवशी, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे मला कळायला हवं होतं.

दर गुरुवारी तो गट आमच्या खोलीत जमायला लागला. दादाने लालबागच्या एका फ्लेक्सवाल्याकडून श्वापदाचा हा एवढा मोठा फ्लेक्स करून आणला आणि बाबांच्या फोटोशेजारी लटकवला. फ्लेक्सवाल्या पोराने जन्मभर मंडळांचे आणि वाढदिवसांचेच फ्लेक्स छापलेले. त्याने सवयीने खाली 'शुभेच्छुक' असं छापून नावांसाठी जागा मोकळी सोडली होती. दादाने त्यावर पांढरी पट्टी मारली. तरी दिवा लागला की पट्टीखालून शुभेच्छुक दिसायचेच. मी हसले तेव्हा आईने मला डोळ्यांनी दटावलं. पण तिलाही हसू फुटलं होतं.

बाबा असते तर त्यांनी तो फ्लेक्स पावसात गळक्या पत्र्यावर टाकला असता. ते हेच पुस्तक निराळ्या तऱ्हेने वाचायचे. म्हणायचे, लिहिणारा बेटावर कैदेत होता. बादशहाचं नाव घेतलं असतं तर मुंडकं उडालं असतं, म्हणून त्याने श्वापद लिहिलं. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना बरोबर कळलं, आणि त्यांना धीर आला. "आम्ही नाही का खात्यात मॅनेजर शिरला की म्हणायचो, बोका आला? उद्या कुणी त्या बोक्याच्या मिशा मोजत बसला तर त्याला काय म्हणायचं?" हे दादानेही ऐकलेलं आहे. आम्ही दोघं एकाच चटईवर बसून ऐकलंय.

मग आईला उजव्या बाजूला छातीत गाठ निघाली.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले की आता शेक द्यायचे, म्हणजे मशीनखाली झोपवून किरणं. ते नीट पार पडले तर आईला भरपूर आयुष्य आहे, असं त्यांनी तिच्यासमोरच सांगितलं. हॉस्पिटल परळलाच, चालत जाण्याइतकं जवळ. किरणं रोज त्याच जागी पडावीत म्हणून तिथे अंगावर जांभळ्या शाईने खुणा करतात. आईच्या उजव्या बाजूला काखेखाली एक फुली आणि छातीवर दोन रेघा काढल्या. शेक देणारी मुलगी तरुण होती, गोड बोलायची. तिने बजावलं, "आजी, ह्याला पाणी लागू द्यायचं नाही हं. साबण तर बिलकुल नाही. मार्किंग गेलं तर सगळं माप परत घ्यावं लागतं."

दुसऱ्या आठवड्यात मी आईबरोबर गेले तेव्हा त्या मुलीने मला बाजूला घेतलं. "मॅडम, आजींचं मार्किंग रोज फिकं होतंय. मी रोज परत काढते. घाम येतो का त्यांना खूप?"

मी आईला विचारलं. आई म्हणाली, "उकडतं गं." मला ते पटलं. भोईवाड्याच्या खोलीत कुणालाही उकडतं.

नंतर एक दिवस मुलगी हसली नाही. खुणा तर गेल्याच होत्या, आणि तिथली कातडी सोलवटून लाल झाली होती. डॉक्टरांनी पाहिलं आणि शेक थांबवले. जखम भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, म्हणाले. आणि फार थांबणंही बरं नाही. हे असं झालं कशाने, ते त्यांना कळेना.

मी आईला घरी आणून झोपवलं आणि हात धुवायला मोरीत गेले. मोरीच्या कट्ट्यावर भांडी घासायच्या काथ्याचा तुकडा वाळत पडला होता. तो जांभळा झाला होता.

मी तो काथ्या घेऊन आईच्या पलंगापाशी गेले. मला ओरडायचं होतं. पण तिने काथ्या पाहिला आणि तोंड भिंतीकडे केलं, तेव्हा मी तिच्या कडेला नुसतीच बसले.

"दादा म्हणतो, उजव्या अंगावर खूण घेतली की स्वर्गातल्या यादीतून नाव कटतं," ती भिंतीशी बोलावं तशी बोलली. "तो म्हणतो, शेक बंद कर असं मी म्हणणार नाही, तुझं तू ठरव. म्हटलं, शेक पण घ्यावे आणि खूण पण राहू देऊ नये."

"आई, मरशील अशाने."

"मरणाचं काय गं. मरायचं तर आहेच." ती वळली. "तुझे बाबा तिथं आहेत ना. मला दारातून परत पाठवलं तर? त्यांना काय वाटेल, ही आलीच नाही म्हणून?"

म्हणजे माझी आई रोज शेक घेऊन घरी यायची, कडी लावायची, आणि ऑपरेशनच्या टाक्यांशेजारची कातडी काथ्याने घासायची. दुखलं तरी घासायची, कारण वर नवरा वाट बघतोय. आणि 'तुझं तू ठरव' असं म्हणून माझा भाऊ वखारीत जाऊन चहा पीत बसायचा. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

मी तिला समजवायला गेले. म्हटलं, अगं, त्याच पुस्तकात देवाच्या माणसांच्याही कपाळावर शिक्का मारलेला आहे. तुझ्या बाप्तिस्म्याला पाळकांनी तुझ्या कपाळावर पाण्याने क्रूस काढला होता ना? तोच तो. एकदा बसलेल्या शिक्क्यावर हॉस्पिटलची शाई कशी चढेल? आईचा चेहरा क्षणभर उजळला. मग पुन्हा पडला.

"तो म्हणतो, थेंबांचा बाप्तिस्मा धरत नाहीत. पुरतं बुडवावं लागतं."

त्याने तिच्याकडून तेही काढून घेतलं होतं.

पुढचा गुरुवार आला. मी मुद्दाम ऑफिसातून लवकर निघाले आणि गटाबरोबर खोलीत बसले. सातआठ माणसं होती. वाईट नव्हती बिचारी, थकलेली होती. दिवसभराच्या नोकरीनंतर कुणीतरी सगळं ठरलेलं आहे असं सांगितलं की बरं वाटतं, तशी ती ऐकत होती. आई पलंगावर उशीला टेकून होती. दादा काठीने शिंगं दाखवत होता. त्याने खुणेवर काठी ठेवली तेव्हा मी म्हटलं, "दादा, खूण कुठे म्हटलीय?"

"कपाळावर किंवा उजव्या हातावर."

"आईची कुठे आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. "उजवा हात म्हणजे उजवं अंग. ही सगळी प्रतीकं आहेत. प्रतीक समजून घ्यावं लागतं."

"हात प्रतीक आहे, आणि शाई खरी? आणि देवाचा शिक्का?"

"तो आत्मिक आहे. तो दिसत नाही."

"एकच पुस्तक, एकच कपाळ. एक शिक्का दिसतो आणि एक दिसत नाही, हे कुणी ठरवलं रे? तू?"

"अर्थ लावायला पवित्र आत्मा लागतो," तो शांतपणे म्हणाला. त्याचा तो शांतपणा मला लहानपणापासून डोक्यात जातो. "तुझ्यासारख्या तर्काने नाही लागत."

"तिची कातडी सोलून निघालीय! जाऊन बघ मोरीतला काथ्या!"

"मी तिला घासायला सांगितलं नव्हतं."

एक बाई पुटपुटली, प्रभू, शांती दे. माझी शांती तर कधीच संपली होती. मी उठून तो फ्लेक्स ओढणार होते, तेवढ्यात आई बोलली. तिचा आवाज अगदी साधा होता. भाजी संपली का विचारावं तसा.

"अरे, एक सांग मला. मला डॉक्टरांचं ऐकायचंय. माझं चुकलंच, आणि मला दारात अडवलं, तर तू असशील ना आत? दोन शब्द टाकशील ना माझ्यासाठी? म्हणशील ना, ही माझी आई आहे?"

बाहेर गॅलरीत शेजारच्या मालवणी काकू दोरीवरचे कपडे काढत होत्या, त्या थांबल्या असाव्यात. 'हो' म्हणायचं होतं फक्त. कुठलाही मुलगा म्हणाला असता. खोटं का होईना, म्हणाला असता.

दादाने काठी दोन्ही हातांत धरली. "आई, तिथं कुणाला कुणासाठी बोलता येत नाही," तो म्हणाला. "ज्याचा त्याला हिशेब द्यावा लागतो. मी काय करू? तसं लिहिलंय."

मला वाटलं, आता आई रडेल.

"बरं," ती म्हणाली. "तुझा नाइलाज आहे. पण तुझं चुकलेलं असलं ना बाळा, आणि तुला दारात अडवलं, तर मी बोलणार. येत नसलं बोलता तरी बोलणार. बाबांनाही बोलायला लावीन." मग तिने पाय पलंगाखाली सोडले. "आता ते चित्र काढ तिथून. बाबांच्या फोटोवर सावली येते."

दादाने काढलं. गुंडाळताना पट्टी सुटली आणि शुभेच्छुक उघडे पडले. ह्या वेळी कुणी हसलं नाही.

जखम भरल्यावर शेक पुन्हा सुरू झाले. नव्याने मापं घेतली, नव्याने फुली काढली. आई मोरीत बसून अंगावर पाणी घ्यायची तेव्हा उजवी बाजू कोरडी ठेवायची, लहान मुलाचं डोकं जपावं तशी. शेक देणारी मुलगी म्हणाली, "आजी, आता छान टिकतंय हं मार्किंग." आई म्हणाली, "टिकू दे." काथ्या मी फेकून दिला आणि नवा आणला.

शेक पुरे झाले. आई आहे, बरी आहे. गट आता दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जमतो आणि फ्लेक्सही तिकडेच गेला. दादाचं जेवण अजून आईच करते, गरम. मी त्याच्याशी बोलत नाही. त्याने मला दोनदा फोन केला, मी घेतला नाही.

शनिवारी मी आईकडे राहते. झोपण्याआधी ती अंथरुणावर बसून डोळे मिटून प्रार्थना करते, अर्धवट मोठ्याने, आम्ही लहान असताना करायची तशीच. पूर्वी आधी बाबा यायचे, मग मी, मग दादा. आता सगळ्यांत आधी दादा येतो. तिथं त्याला कुणी अडवू नये म्हणून ती आत्तापासूनच बोलून ठेवते. मी पांघरुणात दात आवळून पडते आणि ते सगळं ऐकते. मला ते सहन होत नाही.