सहा नंबरच्या जिप्सीचा आवाज

मे महिन्यातल्या शेवटच्या फेरीत, नाल्याचा चढ चढताना, नंदलालभाऊंच्या जिप्सीनं पहिल्यांदा ‘फट्’ केलं आणि तेव्हापासून या माणसाच्या तोंडची चवच गेली.

आता तुम्ही म्हणाल, जुनी गाडी आहे, आवाज येणारच. ट्रॅक्टरचा येऊ द्या, ट्रकचा येऊ द्या, कोण विचारतो? पण ही गाडी जंगल दाखवायची. करडीकडच्या जंगलाच्या गेटवर अशा चौदा जिप्स्या, प्रत्येकीला नंबर, नंदलालभाऊंचा सहावा. पावसाळाभर जंगल बंद. उघडायच्या आधी वनखात्याचे साहेब एकेक गाडी तपासणार, आणि जिचा आवाज जास्त तिचा नंबर हंगामभरासाठी गेला. तो नंबर मग वेटिंगमधल्या पहिल्या गाडीला. नंदलालभाऊ बावन्न वर्षांचे. वडिलांचा कोशाच्या रेशमाचा माग त्यांनी स्वतः वीस वर्षं चालवला, तो बंद पडला तेव्हा ही जिप्सी घेतली. गेट सुटलं तर या वयात नागपुरात कुण्या बिल्डिंगीच्या दारात वॉचमनची शिट्टी घेऊन उभं राहायचं, एवढंच उरलं होतं.

बिघाड काय ते त्यांना ठाऊक होतं. इंजिनाच्या चार भोकांतून निघणारा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेतो तो बिडाचा जाड तुकडा, मॅनिफोल्ड, त्याला मधोमध केसाएवढी चीर गेली होती. थंड असताना चूप, तापलं की फटफट. मोहाडीला बाबूलाल मिस्त्रीकडे नेली असती तर दोन तासांचं काम. पण बाबूलाल हा अंकुशचा सख्खा मामा, आणि वेटिंगमधली पहिली गाडी कोणाची? अंकुशची! मामाला कळलं म्हणजे भाच्याला कळलं, भाच्याला कळलं म्हणजे साहेबाच्या कानावर गेलं, असा सरळ हिशेब नंदलालभाऊंनी मांडून ठेवला होता.

“अजी, बाबूलालले काहून नाही दाखवत?” कौशल्याबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दहादा विचारलं.

“त्याचा भाचा माझ्या नंबरवर टपून बसला हाय, अन् मी त्याच्याच मामाच्या दारात गाडी नेऊन उभी करू? डोकं फिरलं काय माझं?”

“तो पोट्टा तं काकाजी-काकाजी करते तुम्हाले.”

“तेच तं!” नंदलालभाऊ म्हणाले. कौशल्याबाई तांदूळ निवडायला लागल्या.

अंकुश खरंच काकाजी म्हणायचा. तिशीच्या आतला, हसरा, तीन वर्षांपासून वेटिंगमध्ये; गर्दीच्या दिवसांत कधी फेरी मिळाली तर मिळाली. पोळ्याच्या दिवशी रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, “काकाजी, गाडीचं काही काम असलं तं सांगजा बरं.” नंदलालभाऊंचं धाबं दणाणलं. “कायचं काम? एकदम फस्क्लास हाय गाडी,” असं म्हणून ते जे निघाले ते थेट घरी. कशाला विचारलं असेल यानं? सारा दिवस तेच डोक्यात.

मॅनिफोल्डसाठी ते एकटेच एसटीनं नागपूरला गेले. ही गाडी बनायची बंद झालेली, नवं बिडाचं मिळेना. भंगारात दोन मिळाली, पण एकाचा गंज नखानं खरवडला तर खाली तशीच चीर, आणि दुसऱ्यावर वेल्डिंगचा डाग. उरलं ते हेडर, म्हणजे चार नळ्या वाकवून एकात मिळवलेलं स्टीलचं मॅनिफोल्ड. हलकं, धूर झपाट्यानं बाहेर टाकणारं, गाडीची ओढ वाढवणारं. दुकानदार खुशीत येऊन म्हणाला, “घ्या भाऊ, असा आवाज येते, सारं गाव मागं वळून पाह्यते!”

नंदलालभाऊ दोन पावलं मागं सरकले. “आवाज नाही पायजे मले.”

“मंग हेडर कायले लावता?” दुकानदार त्यांच्याकडे बघतच राहिला.

त्यानं दोन प्रकारची काढून ठेवली. नंदलालभाऊंनी दोन्हींवर टिचकी मारून पाहिली. चकचकीत होतं ते पातळ पत्र्याचं, घंटेसारखं वाजलं. दुसरं दिसायला ओबडधोबड, पण नळी जाड, आणि इंजिनाला टेकणारी पट्टी अंगठ्याएवढी रुंद. त्यावर टिचकी मारली तर नुसतं ‘ठक्’. पुन्हा वाजवलं, पुन्हा ऐकलं. पाऊण तास असं चाललं. शेवटी जाडवालं घेतलं, गोणपाटात गुंडाळलं आणि परतीच्या एसटीत मांडीवर घेऊन बसले. शेजारच्यानं विचारलं, “काय हाय जी?” तर म्हणाले, “मागाचं सामान.” खोटं बोलायची सवय नव्हती, कान लाल झाले.

बसवलं घरीच, फाटक लावून, भर दुपारी. जुनं काढताना एक नट जाम बसला होता, त्यात बोटांची सालं निघाली. पण काढलं. गॅसकेट, म्हणजे इंजिन आणि मॅनिफोल्डच्या मधली पत्र्याची पट्टी, नवी लावली. त्यावर हेडर टेकवलं. मग एका टोकापासून नट कसायला घेतले. पहिला पुरता घट्ट, मग दुसरा पुरता घट्ट, मग तिसरा, असं करत दुसऱ्या टोकापर्यंत. मागावर नवा ताणा, म्हणजे उभे धागे, जोडताना वीस वर्षं हेच केलेलं: एका काठापासून धरायचं, प्रत्येक तार पक्की करूनच पुढची घ्यायची, क्रम मोडायचा नाही. हाताला जे ठाऊक तेच हातानं केलं. गाडी सुरू केली. काय सांगू तुम्हाला, शिलाई मशीन चालावी इतका बारीक आवाज! कौशल्याबाई ओट्यावर येऊन म्हणाल्या, “झालं ना आता? जेवा.” मे महिन्यापासून पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

पण अंगातली धास्ती अशी थोडीच जाते? गाडी लांब नेऊन तापवून पाहावी, तर रस्त्यात कोणी ऐकलं तर? म्हणून त्यांनी ती अंगणातच दोन-दोन मिनिटं सुरू केली आणि बंद केली. रोज तीनदा.

तपासणीच्या दिवशी आंधळगावच्या घरून गेटपर्यंत जिप्सी पहिल्यांदा नीट तापली आणि गेट दिसायला लागलं तशी टिकटिक सुरू झाली. बारीक, पण सारखी. रांगेत लावून नंदलालभाऊंनी गाडी बंद केली आणि देवाचं नाव घेत बसले. साहेब एक नंबरपासून बघत आले. पाच नंबर झाली. “चालू करा,” साहेब म्हणाले.

टिक, टिक, टिक.

साहेबांनी बॉनेटजवळ कान नेला, वहीत बघितलं, मग नंदलालभाऊंकडे. “धूर लीक होतोय. जेवणानंतर पुन्हा येतो मी. तेव्हा आवाज असला तर नंबर काढावा लागेल, नियम आहे.” आणि ते सातव्या गाडीकडे गेले.

नंदलालभाऊंनी बॉनेट उघडलं आणि नुसते बघत राहिले. पाना हातात होता, कुठं लावावा ते सुचेना. आणखी कसावं? कसताना बोल्ट तुटला म्हणजे? डोळ्यांपुढे ती बिल्डिंग, ती शिट्टी. तेवढ्यात मागून कोणीतरी गाडीवर हात टेकला. अंकुश! बस्स, संपलं, असं त्यांच्या मनात आलं. आता हा इथंच उभा राहून तमाशा बघणार.

अंकुश वाकला. नटांवर नजर फिरवली. “काकाजी, कुठून कसलं?”

“कुठून म्हणजे? या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

“एकेक पुरा?”

“मंग काय अर्धा सोडू?”

अंकुश हसला नाही. “मधातून कसावं लागते, काकाजी. आधी मधातले दोन, थोडे-थोडे, मंग इकडचा, मंग तिकडचा. तुम्ही एक टोक दाबलं, तं दुसरं उचललं गेलं. गरम झालं की तिथूनच धूर निघून राहिला.” बोलता बोलता त्यानं बाह्या सरकवल्या, ओलं पोतं नळ्यांवर टाकलं आणि पान्यासाठी हात पुढं केला.

नंदलालभाऊंनी पाना दिला नाही. धरूनच ठेवला. “अंकुश, माझी गाडी फेल झाली तं नंबर तुले भेटते.”

“मालूम हाय ना. द्या इकडे, गरम हाय, हात जळन तुमचा.”

दोघांनी मिळून हेडर सोडलं. आतलं गॅसकेट एका टोकाला काळं पडलं होतं. अंकुश रांगेबाहेर उभ्या आपल्या गाडीकडे धावत गेला, सीटखालून एक नवं पाकीट घेऊन आला आणि दातानं फाडलं. मग मधातून बाहेर, थोडं इकडे, थोडं तिकडे, तीन फेऱ्यांत नट बसवले. नंदलालभाऊ फक्त नट उचलून देत होते. साहेब ढेकर देत आले तेव्हा गाडी वीस मिनिटांपासून सुरू होती, चांगली तापलेली. त्यांनी कान लावला, पुन्हा लावला. वहीत खूण केली. “सहा नंबर, पास.”

अंकुश फडक्यानं हात पुसत होता. तीन वर्षांचं वेटिंग आता चार वर्षांचं झालं होतं, आणि हा पोट्टा नखातलं काळं काढत बसला होता! नंदलालभाऊंना त्याच्याकडे बघवेना.

“ते गॅसकेट,” ते कसंबसं म्हणाले, “तुझ्या गाडीसाठी आणलं होतं ना? मी नवं आणून देतो उद्या.”

“नाही जी, माझ्या गाडीले कायले पायजे? तुमच्यासाठीच होतं. मे महिन्यात त्या नाल्याच्या चढावर मी तुमच्याच मागं होतो. फुटलं तं ऐकलं मी. मामाकडून तवाच आणून ठेवलं.”

“मंग बोलला काहून नाही रे?”

“पोळ्याले विचारलं ना मी. तुम्ही फस्क्लास म्हणाले अन् निघूनच गेले. मले वाटलं, काकाजीले माझ्यावर भरोसा नसन.” एवढं बोलून तो आपल्या गाडीकडे चालू लागला.

नंदलालभाऊ बंपरवर खाली बसले आणि भर दुपारी, चौदा गाड्यांपुढे, पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले. बाकीच्या ड्रायव्हरांना वाटलं, गाडी पास झाली म्हणून रडून राहिले. कोणी पाठ थोपटली, कोणी पाणी आणून दिलं.