राहुकाळाआधी चढवलेली साइट

त्या शुक्रवारी अक्का म्हणाल्या, "साडेदहाला राहुकाळ लागतो. त्याच्या आत चढवून टाक, नाहीतर बारापर्यंत हात लावायचा नाही." तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

अक्का म्हणजे माझ्या मालकीणबाई. त्यांचं घराणं मराठ्यांच्या काळात इकडे तमिळ मुलखात आलेलं. घरात जुन्या वळणाचं मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मी आठवीतून शाळा सोडून विट्याकडून कुंभकोणमला सोनं गाळायच्या दुकानात आलो. भट्टीच्या धुरानं छाती धरली, तेव्हा अक्कांनी मला आपल्या कॉम्प्युटरच्या ऑफिसात घेतलं, शेजारी बसवून काम शिकवलं. ते उपकार विसरता येत नाहीत, म्हणूनच बहुधा अक्कांची इतकी भीती वाटते.

जवळच्या मरुदानल्लूर गावी भजनाला आणि नंतरच्या जेवणाला येणाऱ्या घरांची नावं घ्यायला आम्ही एक वेबसाइट केली होती. ती कंटेनरमध्ये, म्हणजे सगळ्या सामानासकट एका डब्यात बांधून, क्लाउडवर चढवायची. काही बदललं की नवा डबा चढतो आणि जुना तिकडेच फेकला जातो. नावं यायला लागल्यापासूनचा हा पहिलाच बदल. फक्त जेवणाची वेळ दुरुस्त करायची होती. आधी यादी उतरवून ठेवायची, असं अक्कांनी शिकवलेलं. घाईत मी ते सोडलं.

दहा पंचविसाला साइट उघडली. वेळ बरोबर दिसत होती. यादी रिकामी होती.

नावांसाठी डब्याबाहेर वेगळी जागा जोडायची असते, ती मी जोडलीच नव्हती. सगळी नावं जुन्या डब्याबरोबर गेली.

मला काही वाटलं नाही. आता आपल्याला घरी पाठवतील, हा विचारही दुसऱ्या कुणाबद्दल करावा तसा केला. मग अक्कांना सांगितलं.

त्यांनी खुर्ची स्क्रीनपुढे ओढली. "आधी ती जागा जोड."

"राहुकाळ लागला, अक्का."

"घालवताना नाही लागला, आणि जोडताना लागतो होय रे?"

मी जोडली. एक खोटं नाव भरून डबा पुन्हा चढवला, नाव टिकलं. मग त्यांनी आपला फोन माझ्यापुढे सरकवला. "घरं मला ठाऊक आहेत. नंबर मी काढते, बोलायचं तू. चूक तुझी."

पहिल्याच घरच्या म्हाताऱ्या बाईंनी मला मध्येच थांबवलं. "हे कुठलं मराठी? आमच्यातला नव्हेस तू."

"नाही आजी, विट्याकडचा."

"मग हळू बोल. नावं गेली तर गेली, आम्ही आहोत ना अजून! लिही, पाच पानं. एक बिनमिठाचं."

मी लिहिलं आणि पुढचा नंबर लावला. कुणी हसलं, कुणी तमिळमध्ये रागावलं. सगळ्यांना मी तेच सांगत गेलो, नावं माझ्या चुकीनं गेली, पुन्हा सांगा.

संध्याकाळी अक्कांनी पर्स उचलली. "उद्या किती वाजता येतोस?"

"रोजच्यासारखा, नऊला."

"साडेआठला ये. चोळपुरमच्या घरांचे फोन राहिलेत."

मी हो म्हणालो. आनंद झाला असावा. तेव्हा कळलं नाही.