पायाखालची दोन पेडलं

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, तुम्ही बिघडलेल्या मशीनशी गोड बोलता आणि धडधाकट माणसावर खेकसता. खोटं नाही ते. अब्बांचं नांदेडात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. हात त्यांच्याकडून आला, स्वभाव कुठून आला अल्ला जाणे. घड्याळांचे दिवस सरले तसा मी कम्प्युटरकडे वळलो, आणि त्यातही लिनक्सच्या नादी लागलो. फुकट मिळतं, उघडून आत बघता येतं, कुणापुढे हात जोडावे लागत नाहीत. जी वस्तू उघडता येत नाही तिच्यावर माझा भरवसाच बसत नाही.

त्या वर्षांत लातूरला क्लासचं नुसतं पेव फुटलं होतं. जिकडे बघावं तिकडे होस्टेल, मेस आणि पाठीवर दप्तराचं ओझं घेतलेली पोरंपोरी. अशाच एका क्लासच्या ऑफिसातून मला बोलावणं आलं. शिकवणाऱ्या सरांच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरला होता आणि वर्षभराचे प्रश्नसंच गायब झाले होते. क्लासचे मालक, त्यांना सगळे मोठे सर म्हणत, कपाळाला हात लावून बसलेले. मी ऑफिसच्या सगळ्या मशीन पुसल्या आणि लिनक्स टाकून दिलं. ते करताना माझी ताईंशी ओळख झाली.

ताई म्हणजे क्लासचे पेपर टाइप करणाऱ्या बाई. दर रविवारी पोरांची परीक्षा, म्हणजे दर आठवड्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे पेपर. ते सगळे त्यांच्या हातून जायचे, आणि तेही एकट्या डाव्या हातातून. किल्लारीकडच्या एका गावात त्या शाळकरी पोर असताना भूकंप झाला आणि भिंत अंगावर आली. डावा पाय अधू झाला. उजव्या हाताची गोष्ट त्यांनी मला एकदा चहा पिता पिता सांगितली, जशी काही शेजारणीची सांगावी. "ऑपरेशन झाल्यावर वर्षभर बोटं चालत होती, भाऊ. मग एक एक करून गेली. आधी वस्तू निसटायला लागली हातातून. मी म्हणायची, माझंच ध्यान न्हाई. ध्यान होतं, बोटंच न्हवती."

मी कप खाली ठेवला आणि कीबोर्ड पुसायला लागलो.

अडचण होती ती शिफ्टची. एक हात असलेल्या माणसाला शिफ्ट धरून दुसऱ्या टोकाचं अक्षर कसं दाबता येईल? आणि पेपरात तर दर प्रश्नाखाली ए, बी, सी, डी असे चार कॅपिटल पर्याय. शिफ्ट एकदा दाबला की चिकटून राहील, अशी एक सोय सिस्टिममध्ये असते. तीही करून दिली, पण त्यात त्यांचा वेग मरायचा. मग मी हैदराबादच्या बाजारातून पायानं दाबायची दोन पेडलं आणली. टेबलाखाली ठेवायची, वायर मागे मशीनमध्ये खोचायची. उजवा पाय चांगला होता, त्यानंच दोन्ही दाबायची. आतलं पेडल शिफ्ट, बाहेरचं कंट्रोल.

आता यात माझी करामत काय, ते सांगतो. लिनक्समध्ये युडेव्ह नावाचा एक कारभारी असतो. बाहेरची कुठलीही वस्तू जोडली की तो आपल्या नियमांच्या फायलीत बघतो: ही कोण, कुठल्या कंपनीची, कुठल्या भोकातून आत आली, आणि हिला काय काम द्यायचं. मांडवाच्या दारात उभा राहून पाहुण्यांना ज्याच्या त्याच्या पंगतीला बसवणाऱ्या काकासारखा. आपण नियम लिहून द्यायचा, तो पाळणार. पण माझी दोन्ही पेडलं एकाच साच्यातली. कंपनीचा नंबर एक, मालाचा नंबर एक, आणि प्रत्येकाचा स्वतःचा नंबर असतो तो तर या स्वस्त मालाला नव्हताच. काकाला ओळखू कशी येणार? मग मी नियम भोकावर लिहिला. मागच्या वरच्या भोकात जे असेल ते शिफ्ट, खालच्या भोकात जे असेल ते कंट्रोल. झालं काम! स्वतःवरच खूश होऊन मी नांदेडची एस.टी. धरली. भोकांची गोष्ट ताईंना सांगितली नाही. त्यांना काय कळणार, असं वाटलं असावं. आज लाज वाटते.

वर्षभर ती पेडलं अशी चालली की विचारू नका. ताईंचा वेग बघून मोठे सर नव्या लोकांना मुद्दाम आणून दाखवायचे. ताई मान खाली घालून हसायच्या आणि टाइप करत राहायच्या.

दसरा होऊन दोन दिवस झाले असतील. मी अर्धापूरला एका केळीवाल्याच्या गोदामात वजनकाट्याला कम्प्युटर जोडून राहिलो होतो, काटा काही केल्या बोलत नव्हता, डोकं फिरलेलं. तेवढ्यात ताईंचा फोन.

"भाऊ, काई तरी होऊन राहिलंय. ए दाबायला जाते अन् सगळं पानच जातं. कधी बरोबर येतं, कधी न्हाई."

मी एका हातानं काट्याची वायर धरलेली. विचारलं, "पेडलवर पाय बरोबर पडतोय का?"

पलीकडे पेडल दोनदा दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "पडतोय असं वाटतं तर."

"वाटतं म्हणजे? ताई, मशीन आपल्या मनानं चुकत नसते. वर्षभर चालली ना? मग आताच काय झालं तिला? तुम्ही पाय नीट ठेवा. दुसऱ्याच पेडलवर पडत असेल तो."

"हाव," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी काट्याकडे वळलो. पुढचे काही दिवस मला त्या फोनची आठवणही झाली नाही, हे खरं आहे ते लिहितो.

मग मोठ्या सरांचाच फोन आला. एका पेपरात दोन प्रश्नांचे पर्याय छापलेच गेले नव्हते, पोरांनी भर वर्गात गलका केला, पालकांपर्यंत गेलं. "भाई, एकदा येऊन बघून जा. मशीनचा दोष असेल तर मशीन बदलू. नसेल तर मला ताईंना तिथून उठवावं लागेल. गेटवरच्या हजेरीला बसवतो. माझाही जीव होत नाही, पण पोरांचं वर्ष आहे." माणूस वाईट नव्हता. आवाजावरून कळत होतं की हे वाक्य त्यानं चार वेळा घोळून मग फोन लावलाय.

सकाळच्या गाडीनं निघालो, लोहा, अहमदपूर करत दुपारी पोचलो. ताई खुर्चीवर होत्या. नेहमीसारखं "या भाऊ" म्हणाल्या, पण चेहरा उतरलेला. टेबलावर घडी घातलेला एक कागद, त्यावर हात ठेवलेला. मी मशीनच्या नोंदी उघडल्या. पेडलं दोन, दोन्ही ओळखलेली. नियमांची फाईल जागेवर. एकाला शिफ्ट दिलाय, एकाला कंट्रोल. दोन्ही पेडलं ओढून टेबलावर घेतली, हातानं दाबली. एकानं शिफ्ट दिला, दुसऱ्यानं कंट्रोल. ठणठणीत!

मोठे सर दारात येऊन उभे होते. "काय भाई?"

"मशीनमध्ये काही दोष नाही," मी म्हणालो. म्हणालो कसला, मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं. आपलं काम बिनचूक निघालं की माझी छाती अशी फुगते.

ताईंनी तो घडीचा कागद सरांपुढे केला. डाव्या हातानं लिहिलेला, अक्षर मोत्यासारखं. "सर, मीच लिहून आणलंय. गेटवर नका बसवू. मी घरीच राहते आता."

सरांनी कागद घेतला खरा, पण तो घडीतच हातात धरून उभे राहिले. माझंच तोंड कडू झालं. काही तरी करायचं म्हणून मी पेडलं परत जागेवर ठेवायला टेबलाखाली शिरलो. वायरी मागे नीट बसल्यात का बघायला हात घातला, तर बोटाला काही तरी सुकलेलं लागलं. झेंडूची पाकळी. दोन भोकांच्या मधल्या फटीत अडकलेली. मग पेडलांकडे नीट बघितलं. दोन्हींच्या कडेला हळदकुंकवाचे डाग.

मी तसाच टेबलाखालून विचारलं, "ताई, हे काय?"

"ते व्हय? खंडेनवमीला पूजा केली की. सगळ्या ऑफिसानं केली. मी आपली दोन्ही पेडलं काढली, पुसली, पाटावर मांडली. माझं हत्यार तेच हाय न्हवं."

"काढली? मागून वायर काढली?"

"मग पाटावर कशी ठेवू?"

"आणि परत लावताना कुठलं कुठं लावलं?"

"होती तिथंच लावली. दोन भोकं, दोन वायरी." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्यात फरक असतो का?"

कपाळ माझं! टेबलाखाली वाकलेला होतो तो तसाच मातीत गेलो असतो तर बरं झालं असतं. मी मराठवाड्यात जन्मलो, वाढलो. आमच्या अब्बांच्या दुकानाच्या दोन्ही बाजूंना खंडेनवमीला कात्र्या, तराजू, शिवणयंत्रं, सगळं धुऊन पुसून हार घालून बसवलेलं मी लहानपणापासून बघतोय. दुसऱ्या दिवशी तीच शेजारी मंडळी आम्हाला सोनं द्यायला यायची. या मुलखात वर्षातून एकदा प्रत्येक हत्यार जागचं हलतं, हे मला परदेशातल्या माणसानं येऊन सांगायचं होतं का? आणि मी शहाण्यानं नियम काय लिहिला, तर वस्तू कधीच हलणार नाही असं धरून!

वायरींची अदलाबदल झाली होती. आतलं पेडल कंट्रोल झालेलं आणि बाहेरचं शिफ्ट. कॅपिटल ए करायला ताई आतलं दाबायच्या, आणि कंट्रोलबरोबर ए दाबला की अख्खं पान निवडलं जातं. पुढचं अक्षर मारलं की सगळं साफ. मग बिचाऱ्या पाय सरकवून दुसरं दाबून बघायच्या, ते बरोबर यायचं. पण वर्षभराची सवय, पाय पुन्हा आतल्यावर जायचा. पाय आपला बरोबर जागी जात होता, आणि दर वेळी खोटा ठरत होता.

खात्री करायला मी पेडलं होती तशी ठेवली आणि म्हणालो, "ताई, आतलं दाबा." दाबलं. पडद्यावर कंट्रोल. मागे हात घालून दोन वायरी बदलल्या. "आता तेच दाबा." शिफ्ट.

मी टेबलाखालून बाहेर आलो, गुडघ्याला धूळ, आणि सरांना म्हणालो, "सर, तो कागद फाडा. चूक माझी आहे. माझा नियम चुकला. ताईंनी एकही चूक केलेली नाही, पूजा केली तीसुद्धा चूक नाही." एवढं बोलायला मला घाम फुटला. चूक झाली म्हणायची मला सवयच नाही.

सरांनी तो कागद उघडलाच नाही. दोनाचे चार तुकडे केले, खिशात टाकले आणि वर्गाकडे निघून गेले. मी सांगायला लागलो की पुढच्या खेपेला वेगळ्या कंपनीचं एक पेडल आणतो, म्हणजे सिस्टिम नावानं ओळखेल, मग कुठल्याही भोकात लावा, दहा वेळा पूजा करा, काही बिघडणार नाही.

ताई ऐकतच नव्हत्या. त्यांनी उजव्या पायाची चप्पल काढली होती आणि त्या पायाकडे बघत होत्या.

"म्हंजे पाय चांगला हाय माझा?"

"अहो, एकदम चांगला. पायाला काय झालंय?"

"हाताचं असंच सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या. "आईला सांगितलं न्हाई. आधी एकटीनं बघावं म्हणलं." त्यांनी पाय थोडा पुढे केला. अंगठ्यापासून घोट्यापर्यंत बारीक बारीक लाल ठिपके होते, काही जुने, काही त्या सकाळचे. मला काही उमजेना. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"सुई टोचून बघत होते रोज. कळतंय का न्हाई ते." डोळ्यांतलं पाणी त्यांनी डाव्या हातानं पुसलं. "लागायचं, भाऊ. दर बारीला लागायचं. पण तुम्ही पाय चुकतोय म्हणला होता, म्हणून अजून खोल टोचायची."