दाजींच्या टाकीतील मोरचूद

अर्जदार : मी स्वतः, वय वर्षे एकावन्न, शिक्षण नववीपर्यंत, व्यवसाय अर्ज लिहिणे, बैठक इस्लामपुरात कचेरीसमोरील लिंबाखाली. ज्यांच्याप्रती हा मजकूर आहे ते : माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, फौजेतून निवृत्त, राहणार तासगावच्या बाजूस, स्वतःच्या द्राक्षबागेत. घटनेचा दिनांक : फळछाटणीनंतरचा दुसरा गुरुवार. साक्षीदार : माझी अक्का. आणखी काही साक्षीदार होते, परंतु ते पाण्यात राहत असल्याने त्यांची सही घेता आली नाही. नावे देत नाही. घरच्या माणसाचे नाव कागदावर चढले की ते माणूस परके होते, असा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे.

दाजींची अखेरची नेमणूक बेटांवर होती. गावी परतल्यावर त्यांनी बाहेरच्या खोलीत तीन फुटी काचेची टाकी बसवली, शुद्ध पाण्यात पिशवीतले मीठ मोजून कालवले, समुद्रातले सच्छिद्र दगड रचले आणि नारंगी माशांची एक जोडी सोडली. मी समुद्र पाहिलेला नाही. माझ्यापुरता समुद्र म्हणजे ती खोली होय. तेथे दुपारी बसले असता भिंतीवर पाण्याचा उजेड हलत असे, आणि आपण बसलो आहोत की तरंगत आहोत, याचा निवाडा मनाला करता येत नसे.

टाकीत तांबड्या पाठीचा, लांब पांढऱ्या मिशांचा एक झिंगा होता. माशांच्या अंगावरची घाण टिपून खाणे, हे त्याचे काम. दाजी पाण्यात हात सोडत, तेव्हा तो दगडाआडून येई व त्यांच्या नखांच्या कडा कोरून स्वच्छ करी. दाजी डोळे मिटून घेत. फौजेतल्या माणसाचा चेहरा एवढा सैल झालेला मी अन्यत्र पाहिला नाही. अक्का म्हणे, ‘माझ्याकडनं कवा पाय चेपून घेतलं न्हाईत, आन् ह्या किड्यापुढं हात धरून बसत्यात.’ दाजी हसत, पण हात काढत नसत.

दसऱ्याला मी पुण्याहून एक निळा मासा आणवून त्यांना भेट दिला. दाजींनी तो न्याहाळला आणि म्हणाले, ‘पाव्हणं, ह्यो महिनाभर बाजूच्या टबात ऱ्हाईल. अंगावर काय घिऊन आलाय ते कळू द्या.’

मला ते लागले. तालुक्यातील जमिनीच्या निम्म्या वाटण्या ज्याच्या शब्दांत झाल्या, त्याने आणलेला पाहुणा दाराबाहेर बसवावा, हे मला मानाला धरून वाटले नाही. मी चहाचा कप खाली ठेवला व माशाची पिशवी उचलली. अक्काने दोघांकडे पाहिले आणि म्हणाली, ‘आवं, सोडा की. माझ्या भावानं आणलाय.’

दाजींनी मासा सोडला. माझ्या माहितीप्रमाणे, घरातल्या शब्दाखातर स्वतःचा नियम त्यांनी मोडला तो तेवढाच.

छाटणीनंतरच्या त्या गुरुवारी मी पुन्हा गेलो, तेव्हा निळ्या माशाच्या अंगावर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके होते. नारंगी जोडीही दगडाला अंग घासत होती. दाजी दुसरी टाकी व औषध मोजण्याचे साहित्य आणण्यास सांगलीला निघाले होते. जाता जाता त्यांनी मला समजावले की हे जंतू आहेत. ते अंगावरून गळून वाळूत उतरतात, तेथे वाढतात आणि पुन्हा माशावर चढतात. औषध तांब्याचे, परंतु वेगळ्या टाकीत आणि मोजूनच. यातील ‘तांब्याचे’ एवढे मी मनात नोंदवले. उरलेले पोटकलम समजून सोडून दिले.

तांबे कशात असते, हे तासगावकडे कोणास विचारावे लागत नाही. शेडमध्ये मोरचुदाचे पोते होते. बुरशीसाठी तेच चुन्यात कालवून बागेवर फवारतात. माझ्या माशाने आणलेला रोग मीच बरा करावा, आणि दाजींनी परत येऊन नवल करावे, अशी माझी इच्छा होती. अक्का चुलीपाशी होती. मी चिमूटभर खडे तांब्याभर पाण्यात विरघळवले आणि टाकीत ओतले. पाण्यातून एक निळा धागा सावकाश उलगडत खाली गेला, दगडांना वळसा घालून विरला. इतके सुंदर काही माझ्या हातून पूर्वी घडले नव्हते. किती वेळ मी पाहत राहिलो, हे सांगता येणार नाही. त्या अवधीत मी बहुधा बेटांवर होतो.

झिंगा दोनदा मागे उसळला, मग कुशीवर पडला. त्याच्या मिशा पाण्याबरोबर हलत होत्या, म्हणून तो जिवंत आहे असे मी बराच वेळ धरून चाललो.

दाजी पाचच्या गाडीने आले. नेहमीप्रमाणे त्यांनी हात पाण्यात सोडला. काहीच आले नाही. त्यांनी वाकून पाहिले, मग शेजारचा तांब्या पाहिला, त्याच्या तळाशी राहिलेला निळा थेंब पाहिला. ते रागावले असते तर मी उत्तर देऊ शकलो असतो. उत्तरे देणे हा माझा धंदा आहे. ते इतकेच म्हणाले, ‘तांबं दगडात मुरतं, पाव्हणं. आता ह्यात झिंगा जगायचा न्हाई.’

त्याच संध्याकाळी त्यांनी मासे नव्या टाकीत हलवले, औषध मोजून दिले, आणि महिन्याभरात तिन्ही मासे बरे झाले. त्याचे श्रेय त्यांचे आहे. परंतु त्या दिवसापासून दाजी माझ्याशी बोललेले नाहीत. फोन अक्का उचलते. मागून पाण्याचा पंप ऐकू येतो. दाजी ऐकू येत नाहीत. अक्का सांगते, ‘रागाला न्हाईत रं आलं. बोलायचं ऱ्हाऊन जातंय.’ दुसऱ्यांसाठी मी क्षमेचे शेकडो अर्ज लिहिले. स्वतःचा हा पहिलाच, आणि तो चार वेळा फाडून लिहिला आहे.

सबब, दाजींचे चरणी विनंती की, अर्जदाराचा अपराध शाबीत धरावा. त्यास कोणतीही सबब सांगावयाची नाही. येण्यास परवानगी असल्यास तसे, नसल्यास तसे, परंतु अक्कामार्फत न कळवता आपल्या तोंडून कळवावे. एक शब्द पुरेसा आहे. तो कठोर असला तरी चालेल. अर्जदार रोज कामावरून आल्यावर फोनजवळ असतो.